उजागरेबाईंच्या कुकीज

उजागरेबाईंनी तो बॉक्स दोन बोटांत धरून उचलला, कानाशी नेऊन हलवला आणि परत ओट्यावर ठेवला.

"यात काय आहे, बोरुडे?"

"चॉकलेट कुकीजचं तयार पीठ, बाई. त्यात अंडं आणि बटर घालायचं, गोळे करायचे आणि भाजायचे. मागे सगळं लिहिलंय."

"मैदा, साखर आणि कोको," बाई म्हणाल्या. "एवढं एकत्र करायला कंपनी लागते?"

त्या स्वयंपाकघरात बेकिंगबद्दल बोलण्याची माझी लायकी नव्हती. नगरच्या ज्या मिशन हॉस्पिटलात बाई एकवीस वर्षं मेट्रन होत्या, तिथल्या सगळ्या नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये नाताळची नानकटाई बाईंच्या हातची जायची. डबेच्या डबे. कपाटावर त्यांचा अल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काचेची खिडकी असलेला. तो आदल्या दिवशी मी खाली काढून पुसून ठेवला होता.

"तुमची नानकटाई तुमच्या हाताला पाठ आहे," मी म्हणाले. "ती तुम्ही डोळे मिटून कराल. मला, पाठ नसलेली गोष्ट तुम्ही वाचून, क्रमानं करताना बघायचंय. म्हणून बॉक्स आणला."

"म्हणजे परीक्षा."

"हो."

"मग तसं म्हण," बाई म्हणाल्या आणि पदर खोचायला लागल्या. उजव्या हातानं. डावा हात त्यांना अजून पुरता साथ देत नव्हता.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण संपवून नगरला आले होते आणि एका डॉक्टरांच्या हाताखाली, घरोघरी जाऊन पेशंट बघत होते. आजारपणानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत, आंघोळ, कपडे, स्वयंपाक, यासाठी मदत करायची, हे आमचं काम. उजागरेबाई माझ्या पहिल्या मोठ्या पेशंट. वय एकाहत्तर. चार महिन्यांपूर्वी त्यांना मेंदूचा झटका आला होता. चालणं बऱ्यापैकी परत आलं होतं, बोलणं तर कधी गेलंच नव्हतं. पण एक विचित्र गोष्ट मागे राहिली होती. त्यांना डावी बाजू सुटायची.

डोळे ठणठणीत होते. पण डावीकडे काही असतं, हेच त्यांचा मेंदू विसरला होता. ताटातली उजवीकडची भाकरी खायच्या आणि डावीकडची भाजी तशीच ठेवून म्हणायच्या, "आज कालवण नाही का केलं?" वर्तमानपत्राची ओळ मधूनच वाचायला लागायच्या आणि अर्थ लागला नाही की म्हणायच्या, "हल्ली कोणाला धड लिहिता येत नाही." स्वतःचं काही चुकतंय हे त्यांना पटत नसे. हा हट्ट नव्हता, हाही त्या आजाराचाच भाग होता. पण समोरच्याला तो हट्टच वाटायचा.

मी पानांच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावून त्यांना शिकवलं होतं, की लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवत जायचं आणि मग वाचायला सुरुवात करायची. बाई ते करायच्या. "तुला बरं वाटावं म्हणून," असं म्हणून करायच्या.

त्या सोमवारी सकाळी त्यांची मुलगी हन्नाताई बाहेर दारासमोरच्या ओट्यावर पेपर तपासत बसल्या होत्या. त्या पुण्याला कॉलेजात शिकवत. चार महिने दर शुक्रवारी एसटीनं यायच्या आणि रविवारी जायच्या. मधल्या दिवसांत शेजारची एक बाई सोबतीला राहायची. या वेळी ताईंनी सोमवारचीही रजा टाकली होती. डॉक्टरांसमोर मायलेकींचं ठरलं होतं, की बोरुडेबाईंनी तपासणी करायची. आई एकटी राहू शकते असं त्यांच्या कागदावर आलं तर ती नगरला राहील. नाही आलं तर पुण्याला, हन्नाताईंकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात.

"तिसऱ्या मजल्यावर मी काय करू?" बाई मला एकदा म्हणाल्या होत्या. "तिथं माझं कोणी आजारी पडत नाही."

त्यांच्या या दोन खोल्यांच्या घरी माणसांचा राबता असायचा. कोणाचं ड्रेसिंग, कोणाच्या सुनेचं पहिलं बाळंतपण, कोणाला नुसतं बसायचं असायचं. त्या आजारी असतानाही लोक सल्ला विचारायला येत होते. त्यांना इथून हलवायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या आवडत होत्या.

मी दाराजवळ स्टुलावर बसले. मांडीवर फॉर्म. दहा ओळी आणि पुढे तीन रकाने: 'स्वतः', 'सांगितल्यावर', 'मदतीने'. धोका दिसला किंवा बाईंनी मदत मागितली तरच मी उठायचं. एरवी गप्प.

बाईंनी बॉक्स उलटा केला. बारीक इंग्रजी अक्षरं होती. आयुष्यभर औषधांच्या बाटल्या वाचलेल्या बाईंना इंग्रजीची अडचण नव्हती.

"लाल पट्टी?" त्यांनी विचारलं.

"आज नाही, बाई."

त्या थांबल्या. मग त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलला आणि बॉक्सच्या डाव्या कडेवर नेऊन ठेवला. बोटातली अंगठी दिसेपर्यंत मान वळवली आणि तिथून वाचायला सुरुवात केली. हे मी शिकवलं नव्हतं. मी मान खाली घालून पहिल्या ओळीत 'स्वतः'वर खूण केली. मला इतका आनंद झाला होता की पेन घसरलं.

पुढचंही चांगलं झालं. पीठ परातीत काढलं. अंडं एका हातानं फोडलं, टरफलाचा तुकडाही पडला नाही. ओव्हनचं बटण दाबलं, घड्याळ बघितलं. बटर वितळवायचं होतं. शेगडीच्या उजव्या बर्नरवर दुधाचं पातेलं होतं, म्हणून बाईंनी मान वळवली, डावा बर्नर शोधला, पेटवला, छोटी कढई ठेवली. बटर वितळल्यावर फडक्यानं धरून कढई उतरवली, परातीत ओतली आणि फडकं ओट्यावर टाकून पीठ कालवायला घेतलं.

डावा बर्नर चालूच राहिला.

मी वाट बघितली. असं असतं की कधी कधी पेशंटला मागाहून आठवतं. घाई करायची नाही, असं आम्हाला शिकवलेलं असतं. बाई चमच्यानं पीठ एकजीव करत होत्या. गुणगुणत होत्या. एक मिनिट गेलं. दोन गेली. बर्नरची निळी ज्योत मला स्टुलावरून दिसत होती. फडक्याचं टोक तिच्यापासून वीतभर लांब होतं. बाईंनी परात जराशी सरकवली, तिच्याबरोबर फडकंही सरकलं.

मी उठले. माठातून पाणी घ्यायला जाते आहे असं दाखवलं, जाता जाता डावीकडून हात घातला आणि बटण फिरवलं. आवाज झाला नाही. फडकं बाजूला केलं. पाणी प्यायले आणि जागेवर येऊन बसले.

बाईंना पत्ताही लागला नाही. त्या म्हणाल्या, "तहान लागली होती तर मागायचंस ना."

फॉर्मवरची पाचवी ओळ होती, 'गॅस सुरक्षित वापरणे'. मी पेन हातात धरून बसले. या एका खुणेवर बाईंचं घर होतं. बाकी नऊ ओळी उत्तम झाल्या तरी ही एक डॉक्टरांना पुरेशी होती. मी मनाशी म्हटलं, एवढ्या सगळ्या गोष्टी त्यांनी स्वतः केल्या. एक बटण राहिलं. मलासुद्धा राहतं कधी. उद्या मी त्यांना परत शिकवीन, आठवडाभरात जमेल. आणि मी 'स्वतः'च्या रकान्यात खूण केली.

बाई गोळे करत होत्या. एका हातानं, लिंबाएवढे, सगळे एका मापाचे. ओव्हनच्या गोल थाळीत त्यांनी ते मांडले. सगळेच्या सगळे उजव्या अर्ध्यात, एकाला एक चिकटून. डावी अर्धी थाळी रिकामी. यात धोका काही नव्हता, त्यामुळे मी बोलले नाही. थाळी ओव्हनमध्ये गेली, झाकण बसलं. बाई खुर्चीत बसल्या आणि काचेतून आत बघत राहिल्या.

"वास बरा आहे," त्या म्हणाल्या. "कंपनीच्या मानानं."

बारा मिनिटांनी त्यांनी बटण बंद केलं, झाकण काढलं, पकडीनं थाळी बाहेर घेतली. गोळे पसरून एकमेकांत मिसळले होते. जाड, काळपट, अर्धगोल अशी एकच मोठी कुकी झाली होती.

"बघ," बाई म्हणाल्या. "चिकटल्या सगळ्या. पिठात काही दम नाही. म्हणूनच मी बाजारचं आणत नाही."

मी म्हणाले, "बाई, थाळी जरा फिरवून बघा."

त्यांनी फडक्यानं कड धरली आणि थाळी अर्धी फिरवली. रिकामी बाजू उजवीकडे आली. स्वच्छ, चकचकीत.

त्या बघतच राहिल्या.

"इथं मी काहीच ठेवलं नाही," थोड्या वेळानं म्हणाल्या.

"नाही."

"जागा होती."

"होती, बाई."

"मला ती दिसली नाही." त्यांनी रिकाम्या जागेवरून, न टेकवता, बोट फिरवलं. "म्हणजे तुम्ही सगळ्या म्हणत होतात ते हे."

चार महिन्यांत पहिल्यांदा त्या असं काही म्हणाल्या होत्या. पुस्तकात मी या क्षणाबद्दल वाचलं होतं. पेशंटला उमगणं ही मोठी पायरी, असं त्यात लिहिलेलं असतं. पण एखाद्या माणसाला ते उमगताना शेजारी उभं राहणं काय असतं, ते पुस्तकात नसतं. बाईंचा चेहरा नुसता थकल्यासारखा झाला.

"आणखी काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

"बाकी सगळं छान झालं," मी म्हणाले.

"दाखव तुझा कागद."

पेशंटला फॉर्म दाखवू नये असा काही नियम नव्हता. मी दिला. बाईंनी तो ओट्यावर सपाट केला. खुणा उजवीकडच्या रकान्यांत होत्या, त्या त्यांना लगेच दिसल्या. पण खूण कशाची, ते डावीकडे लिहिलेलं. त्यांनी पुन्हा डावा हात उचलून कागदाच्या कडेवर ठेवला, अंगठीपर्यंत मान नेली आणि एकेक ओळ वाचायला घेतली. वाचायचं, मग बोटानं उजवीकडे खुणेपर्यंत यायचं. पाचव्या ओळीवर बोट थांबलं.

"गॅस," त्या म्हणाल्या. "मी बटर उतरवलं ते मला आठवतंय. फडक्यानं धरलं, तेही आठवतंय. बटण फिरवल्याचं आठवत नाही."

त्यांनी मान वळवून शेगडीकडे बघितलं. पार डावीकडे, बटणापर्यंत. "बंद आहे. कोणी केलं?"

"मी," मी म्हणाले.

"पाणी प्यायला उठलीस तेव्हा?"

"हो."

मला वाटलं आता त्या रागावतील. मेट्रनबाईंचा राग अख्ख्या नगरला माहीत होता. पण त्यांनी दुसरी खुर्ची दाखवून मला बसायला सांगितलं.

"आमच्या वॉर्डात एक पोरगी होती," त्या म्हणाल्या. "कामाला चांगली, जिवाला जीव देणारी. एकदा दुपारी एका म्हाताऱ्याचा ताप घ्यायचा होता. म्हाताऱ्याला दोन दिवसांनी झोप लागलेली. त्याला उठवणं तिच्या जिवावर आलं. तिनं तक्त्यावर नव्याण्णव लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी फेरीला आले, कपाळाला हात लावला, तर तव्यासारखं. एकशे चार होता."

"वाचला तो?"

"वाचला. तक्त्यामुळे नाही वाचला." त्या थाळीकडे बघत होत्या. "मी तिला रागावले नाही. तिनं आळसानं लिहिलं असतं तर घरी पाठवलं असतं. तिनं मायेनं लिहिलं होतं. तिला मी एवढंच म्हणाले, की तुझी माया त्याच्या कपाळावर ठेव, माझ्या तक्त्यावर नको."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"खोड ते."

"बाई, हे खोडलं तर ठरल्याप्रमाणे..."

"मला माहीत आहे काय ठरलंय. मी तिथंच होते."

मी खूण खोडली, तिसऱ्या रकान्यात नवी केली आणि शेजारी सही केली. मग बाईंनी हाक मारली, "हन्ना, आत ये."

हन्नाताई आल्या. चष्मा डोक्यावर, हातात लाल पेन. एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "झालं?"

"बस," बाई म्हणाल्या. "मी गॅस चालू ठेवला. शेजारी फडकं होतं. या पोरीनं बंद केला. मला कळलंसुद्धा नाही."

मला वाटलं हन्नाताई म्हणतील, बघ, मी सांगत नव्हते? पण त्या खाली बसल्या. हातातलं पेन त्यांनी ओट्यावर ठेवलं, ते घरंगळलं तरी उचललं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तू रडतेस कशाला?" बाई म्हणाल्या. "न्यायचंय ना मला पुण्याला? मग झालं की."

"मला कुठं न्यायचंय, आई." त्यांनी नाक पुसलं. "तीन आठवड्यांपूर्वी तू दाराच्या चौकटीवर आपटलीस, डावा खांदा काळानिळा झाला आणि तू मला सांगितलंस की दार चुकीचं बसवलंय. दूध उतू गेलं तर पातेलं खराब. तुझं कधी काही राहतच नव्हतं. मी तिथं पुण्याला बसून काय समजायचं? फोनवर तू ठीक आहे म्हणालीस, तर ते खरं की खोटं? मला झोप लागायची नाही. तू पडशील याची भीती नव्हती मला. तू पडलीस तरी सांगणार नाहीस, याची होती."

बाहेरून भाजीवाल्याचा आवाज आला आणि पुढे गेला.

"मला कळत नव्हतं गं," बाई म्हणाल्या. "मी लपवत नव्हते."

"मग आता काय करायचं?" हन्नाताईंनी विचारलं.

त्या घरात चार महिन्यांत हा प्रश्न बाईंना कोणी विचारला नव्हता. मी नाही, डॉक्टरांनी नाही. आम्ही सगळे त्यांच्याविषयी ठरवत होतो. बाईंनी पाठ ताठ केली आणि क्षणभर मला त्या वॉर्डाच्या टेबलामागे बसलेल्या दिसल्या.

"गॅस काढून टाक," त्या म्हणाल्या. "सिलिंडरसकट. विजेची शेगडी आण, आपोआप बंद होणारी."

"वेळ लावता येते अशा मिळतात," मी म्हणाले.

"तशी. दारांच्या डाव्या चौकटींना ही बोरुडे लाल पट्ट्या लावेल. आणि रोज सकाळी आठला मी फोन करीन, काय राहिलं ते सांगायला. बरी आहे म्हणून सांगायला नाही. महिनाभर करून बघू. नाही जमलं तर मी पिशवी भरते."

हन्नाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले की डॉक्टरांशी मी बोलते. बोललेही. त्यांनी फॉर्म बघितला, खोडलेली खूण बघितली आणि विचारलं, "हे काय?" मी सगळं सांगितलं. माझी नोकरी जाईल असं मला वाटलं होतं. ते इतकंच म्हणाले, "महिना देऊन बघा. पण दर आठवड्याला तुम्ही स्वतः जायचं."

निघण्याआधी आम्ही तिघींनी ती कुकी सुरीनं कापून खाल्ली. बरी झाली होती. कडेनं कुरकुरीत, मध्ये मऊ. बाईंनी दुसरा तुकडा घेतला, पण बॉक्सचं कौतुक काही केलं नाही.

एका महिन्याचे दोन झाले, दोनाचे सहा. आठचा फोन कधी चुकला नाही. हन्नाताई सांगायच्या, की सुरुवातीला यादी लांबलचक असे. डावी चप्पल राहिली, चहा अर्धाच प्यायले, पायरीवर ठेच लागली. मग यादी लहान होत गेली आणि बोलणं वाढत गेलं. बाईंकडे लोकांचं येणं-जाणं सुरूच राहिलं. मीही जायचे, आधी कामासाठी आणि पुढे उगीचच.

बाई त्या घरात आणखी पाच वर्षं राहिल्या. सहाव्या वर्षी, रविवारी चर्चमधून परतताना त्या डावीकडची आपली गल्ली ओलांडून सरळ पुढे गेल्या. कोणीतरी हात धरून आणून सोडलं. पुढच्या रविवारीही तेच झालं. तिसऱ्या रविवारी त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

मला कळलं ते हन्नाताईंकडून. मी गेले तेव्हा दोन बॅगा भरून दारात ठेवल्या होत्या. बाई आत शेजारणींशी बोलत होत्या, कोणाच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगत होत्या. मी हळू आवाजात हन्नाताईंना विचारलं, त्यांना तयार करायला फार त्रास झाला का.

"मी विषयच काढला नव्हता," त्या म्हणाल्या. "सोमवारी आठला फोन आला. गल्ली दुसऱ्यांदा राहिली म्हणाली. आणि म्हणाली, आता मला घेऊन जा."